तातेरावाची बिनकाळजीची कढई

"आजपासून आपली काळजी बंद! पार बंद!" कुरुंद्याच्या शिवारात, हळदीच्या कढईशेजारी उभं राहून तातेरावानं जाहीर केलं. द्वारकाबाईनं तुराट्यांचा भारा धपकन खाली टाकला.

"हळद शिजेस्तोवर तरी काळजी करा अवो! मी भाकरी घेऊन येते."

काळजी हाच त्या माणसाचा धंदा होता. बैलानं कान हलवला तरी काळजी, नाही हलवला तर दुप्पट! पण गावाची अर्धी हळद त्याच काळजीवर शिजायची. कढईवरची पानं अन् पोतं सारून तो घडोघडी हळकुंडात काडी खुपसायचा, वास घ्यायचा, मग पुन्हा खुपसायचा. त्याच्या हातची कढई कधी कच्ची उतरली नाही, की कधी जास्त शिजली नाही.

पण अठ्ठेचाळीसच्या त्या फाल्गुनात काळजीनं पार टोक गाठलं. निजामाच्या रझाकारांच्या धाकानं गावं जीव मुठीत धरून होती. एकुलता एक पोरगा लखमा दसऱ्याला सरहद्द ओलांडून, निजामाशी लढायला वऱ्हाडातल्या छावणीत गेला, त्याचा सांगावा नव्हता. तातेराव अर्धी भाकर टाकून उठायचा, आणि त्याच्याकडं बघून द्वारकाबाईही.

शिवरात्रीला औंढ्यात एका बुवानं तोडगा दिला. "मन म्हणजे बैल. वाकडं चाललं की कासरा ओढ. वाईट विचार आला की त्याच्या उलटं मोठ्यानं म्हण. शांतीच शांती!"

बुवाला सांगायला काय जातं! ना शेत, ना लेकरू. दुसऱ्याच्या भाकरीवर बसलं की कुणालाही शांत राहता येतं.

पण तातेरावाला गुण आला! 'पोरगं गेलं असंल' असं मनात आलं की तो ओरडायचा, "पोरगं खुशाल हाय! येऊन राहिलंय!" आणि खरंच छाती हलकी व्हायची.

आज कढई त्याच्या स्वतःच्या हळदीची होती. जाळ घालायला तांड्यावरचा गुलाबसिंग होता.

"तातेराव, फेस येऊन गेला. काडी घाल की!"

'जास्त शिजली का काय?' तातेरावाच्या मनात आलं. त्यानं कासरा ओढला. "बराबर शिजून राहिली!"

"पाणी आटलं जणू."

"पाणी भरपूर हाय!"

"अरे, करपल्याचा वास येऊन राहिला ना बाप्पा!"

"सुवास हाय!"

गुलाबसिंगानं कपाळावर हात मारला अन् घागर घेऊन विहिरीकडं पळाला. तेवढ्यात वरच्या पोत्यानं पेट घेतला. काळाकुट्ट धूर निघाला, आभाळाला काजळ घातल्यासारखा!

गावात बोंब उठली. "रझाकार आले! तातेरावाचं खोपट पेटवलं!" बाया, म्हातारे, शेरडं, सगळं नाल्याकडं सुटलं. तातेरावानं लांबून पाहिलं. 'गाव पळून राहिलं!' लगेच उलटं केलं: "गाव जत्रेला चाललं!" आणि त्यानं हसून हात हलवला. गावाला वाटलं, तो 'पळा पळा' म्हणतोय. गाव अजून जोरात पळालं!

पळणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढं होता कोण? भिक्षेला आलेला तोच बुवा, काखेत झोळी मारून!

"बुवा, उलटं म्हणा की!" मागून सखुबाई ओरडली.

"आधी नाला गाठू दे, बाई!"

गावातून धुराच्या दिशेनं एकच माणूस पळत होतं. द्वारकाबाई, डोक्यावर पाण्याची घागर! तिनं घागर कढईवर पालथी केली. फस्स! धूर विरला. आत हळद नव्हती, नुसता काळपट लगदा होता.

गाव परतलं. शिव्या देऊन घरी गेलं. विहिरीवरून परतलेल्या गुलाबसिंगानं आपली घागर तिथंच रिकामी केली आणि तांड्याची वाट धरली.

द्वारकाबाई बांधावर बसली होती. वऱ्हाडाकडच्या वाटेला डोळे, पदर तोंडात.

"द्वारके, रडू नको," तातेराव म्हणाला. "मन उलटं कर. म्हण, पोरगं खुशाल हाय. येऊन राहिलंय."

तिनं कढईकडं पाहिलं.

"हळदबी बराबर हाय म्हणले व्हते तुमी."

तातेराव तिच्या शेजारी बसला आणि पहिल्यासारखी, पोटभर काळजी करू लागला. द्वारकाबाईला तेवढंच बरं वाटलं.