तवशाच्या वाणाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा समर्थ. जी एक दाणा घेवोन ओंजळ भरिते त्या मातीस आधी दंडवत, मग लेखणी. शके १९४५, शोभननाम संवत्सर, भाद्रपदमासी समुद्राकाठच्या एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्य तीन गुंठ्यांचे, अंमल द्वारकाबाईसाहेबांचा. पावसाळी मांडवावर पडवळ, दोडकी आणि तवशी चढवावी, आणि पाणी ओसरताच वाल, मुळा, माठ पेरावा, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या सांडपाण्यावर अळू राखावे, आणि केळी, पपया बारमास हुजुरात उभ्या. बाजारची भाजी घरात येणे हा बाईसाहेब अपमान समजत. वय बहात्तर, परंतु पदर खोचोन मांडवाखाली उभ्या राहिल्या म्हणजे वानरांची फौज कुंपणावरोन माघारी फिरे. धन्य ती बाई!

सर्वांत मोलाचे तवसे, म्हणजे पावसाळी थोरली काकडी. तो वाण बाईसाहेबांच्या मातोश्रींचा. माहेरी आता कोणी पेरीत नव्हते, आणि बाईसाहेब बी कोणास देत नसत. म्हणत, "लोक हेळसांड करतात." दरसाल उत्तम तवसे वेलावरच पिवळे होऊ द्यावे आणि कोणी कापू नये म्हणोन देठास तांबडी चिंधी बांधावी, ऐसा रिवाज. त्या साली पाऊस अनावर जाहला, सारे वेल कुजले, घरचे बी पेरोन संपलेले, आणि चिंधीचे एकच तवसे उरले.

यजमान जनार्दनपंत टपालखात्याच्या चाकरीत मुलूखभर बदल्यांवर हिंडोन, पुढे शहरी खासगी नोकरी करोन, नुकतेच कायमचे घरी आले होते. उत्साह दांडगा, माहिती बेताची. लेकीच्या सासरी भेट धाडावी ऐसे त्यांचे मनी आले, आणि मग चिंधी पाहोन फळ नामी दिसते, दृष्ट लागो नये म्हणोन बांधिले असेल, ऐसा तर्क केला, आणि तवसे कापोन विहीण शशिकलाबाई यांजकडे रवाना केले.

दुसरे दिवशी बाईसाहेब मांडवाखाली गेल्या.

"अहो, चिंधीचं तवसं कुठंय?"

"विहीणबाईंकडे धाडलं. सगळ्यात देखणं तेच होतं."

"अहो, बियाण्याचं होतं ते! माझ्या आईचं शेवटचं!"

आणि बाईसाहेब मातीत बसोन लहान मुलासारख्या रडल्या. पंतांनी पन्नास वर्षांत हे पाहिले नव्हते. मग ते तसेच स्कुटरवर बसोन निघाले, तो विहीणबाईंच्या दारी धोंडसाचा गोड वास आला. तवसे किसोन, गूळ घालोन भाजिले होते.

"बिया टाकल्यात?"

"इकडे या," ऐसे बोलोन विहीणबाईंनी मागील भिंत दाखविली. राख चोळोन सगळे बी भिंतीस थापिले होते. "इतकं गोड तवसं. बी टाकायला हात तरी धजेल का, भाऊ? तीन वेळा मागितलं होतं मी द्वारकाताईंकडे."

पंतांनी घरचा प्रकार सांगितला. विहीणबाईंनी सारे बी खरवडोन कागदात बांधिले. "घ्या. त्यांच्या आईचं आहे."

घरी बाईसाहेबांनी पुडी उघडोन पाहिली, डोळे पुसले, आणि विचारिले, "त्यांनी स्वतःला किती ठेवलं?"

"एकही नाही."

बाईसाहेबांनी तेथेच बियांचे दोन वाटे केले, लुगडे बदलिले, आणि कधी न बसलेल्या त्या स्कुटरवर पंतांमागे बसोन विहीणबाईंचे दारी गेल्या, आणि एक वाटा त्यांचे हाती देवोन म्हणाल्या, "तुम्ही पण लावा. माझे वेल कुजले तर मी कुणाकडे मागायचं?"

सारांश, बाईसाहेबांनी उभ्या हयातीत आपला एवढाच मुलूख आपण होवोन दिला, आणि आमचे मते राज्य थोर जाहले ते त्याच दिवशी. लिहिणारास धोंडसाचा तुकडा पावला. लेखन पुरे.