आगरोधक दार आणि आतली आत्या

रंगकामाला हात नाही, डोकं लागतं आणि ते माझ्याकडे भरपूर आहे, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

मंडळी, सगळं सुरू झालं माझ्या सासऱ्यांमुळे. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. आमच्याकडे आले की चहाच्या आधी वायरी तपासतात! गेल्या खेपेला त्यांनी आमच्या कोठीच्या खोलीत डोकावून पाहिलं. "रद्दीचे गठ्ठे, लाकडी फळ्या, लाकडी दार! जावईबापू, ही खोली नाही, काडेपेटी आहे!" असं म्हणून त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की बारा वर्षांपूर्वी मुलगी दिल्याचा पश्चात्ताप त्यात स्वच्छ ऐकू आला.

मी ठरवलं, या कोठीला आगरोधक रंग द्यायचा आणि सासऱ्यांकडून एक 'शाबास' वसूल करायची!

रंगाच्या दुकानदारानं डब्यावर टिचकी मारली. "हा रंग आच लागली की फुगतो, साहेब. पावासारखा! त्या थरामुळे आतलं लाकूड वाचतं. दोन हात पुरेत."

दोन पुरतात म्हणजे चार उत्तम! आठवडाभर खपून मी भिंती आणि फळ्या रंगवल्या. रविवारी सासरे चार वाजता यायचे होते आणि फक्त दार राहिलं होतं. सकाळी दार सताड उघडं ठेवून तीन हात मारले. दुपारी जेवण झाल्यावर दार लोटून घेतलं आणि चौथा हात असा सढळ मारला, की दार आणि चौकट यांतली फटसुद्धा दिसेना. एकसंध! जणू तिथं कधी दार नव्हतंच! पंखा लावून मी वाळायला दोन तास दिले आणि कौतुकानं बघत बसलो.

सासरे आले. बायकोनं चहा टाकला आणि विचारलं, "अहो, आत्या कुठंयत?"

आत्या म्हणजे माझी आत्या. आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त करून आता आमच्याकडे राहते. आम्ही गच्ची पाहिली, शेजारी विचारलं. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"अरे, दार का लावलंस?"

कोठी गार असते म्हणून आत्या जेवण झाल्यावर तिथं चटई टाकून झोपते, हे मी साफ विसरलो होतो!

"आत्या, दार ओढ!"

"ओढतेय! हलत नाही!"

मी ढकललं. बायकोनं ढकललं. सासऱ्यांनी खांदा लावला. दार ढिम्म!

"रंगानं चिकटलंय," सासऱ्यांनी निदान केलं. "थोडी ऊब द्या. रंग मऊ पडेल."

जुना रंग सोलायला आणलेलं गरम हवेचं यंत्र माझ्याकडे होतंच. मी ते पिस्तुलासारखं रोखलं आणि फटीवर धरलं. अर्ध्या मिनिटात रंग तरारून वर आला. फुगला, फसफसला, बोटभर जाड झाला!

"बघा, बघा! फुगतोय!" मी आनंदानं ओरडलो. "दुकानदार म्हणाला होता तस्साच!"

"काय फुगतंय?" आतून आत्या.

"काही नाही, आत्या! तू सुरक्षित आहेस!"

"आधीही होतेच की रे!"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता मीच फुगणार. दार आता चौकटीत नुसतं चिकटलं नव्हतं, तर बुचासारखं ठासून बसलं होतं!

"अरे, मला एक पेचकस द्या!" आत्या ओरडली.

"आत्या, घाबरू नकोस!" मी ओरडलो.

"घाबरलंय कोण? पेचकस द्या म्हणतेय!"

पण तोवर सासऱ्यांनी आपल्या जुन्या कचेरीला फोन लावला होता. दहा मिनिटांत घंटा घणघणत लाल गाडी दारात! चार जवान शिरस्त्राणं घालून आत धावले आणि सासऱ्यांना पाहताच त्यांनी खाडकन सलाम ठोकला. त्यांच्या प्रमुखानं दारावर नख मारलं, मग वाकून वास घेतला.

"हात किती दिलेत?"

"चार," मी पुटपुटलो.

"वा! इतकं भरीव काम आम्हाला परीक्षेतसुद्धा बघायला मिळत नाही!"

माझी छाती फुगली. "सर, मग हे दार आगीत किती टिकेल?"

"अहो, आधी आमच्या कुऱ्हाडीपुढे किती टिकतं ते बघू!"

जवानानं कुऱ्हाड उचलली. बायकोनं डोळे मिटले. इतक्यात कोठीच्या मागच्या झरोक्याकडे गेलेले सासरे परत आले आणि हात वर करून गरजले, "थांबा! पेचकस दिलाय!"

आतून खुडखुड ऐकू आली. टिंग! टिंग! टिंग! बिजागऱ्यांच्या तीन खिळी जमिनीवर पडल्या. मग करकर करत अख्खं दार आतल्या बाजूला सरकलं आणि फटीतून आत्याचा चेहरा दिसला. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात बिस्किटांचा अर्धा पुडा!

"बिजागऱ्या आतून आहेत, रे. म्हणून तर केव्हाची पेचकस मागतेय!"

जवानांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं सगळ्यांना बिस्किटं वाटली. बायकोला आधी हसू आवरेना, मग रडू आणि मग पुन्हा हसू. शेवटी सासरे पुढं झाले. त्यांनी घसा खाकरला, डोळे पुसले आणि बारा वर्षांत मी ज्याची वाट पाहिली, तो शब्द उच्चारला.

"शाबास!"

आत्याला.

दार मात्र प्रमुखांना इतकं आवडलं, की नव्या जवानांना शिकवायला ते मागून घेऊन गेले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमची कोठी आता आगीला दाद देणार नाही!"

खरंय. भिंती भक्कम आहेत, फळ्या भक्कम आहेत. दाराच्या जागी बायकोनं सध्या पडदा लावलाय. सुती आहे, फुलाफुलांचा. सासरे पुढच्या रविवारी येणार आहेत.