सक्तीचा पाठलाग

युद्ध करणं अवघड नसतं. आधी कोणी करायचं हे ठरवणं अवघड असतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ महिने चाललेल्या युद्धाच्या एकूण चौतीस बैठका झाल्या. त्यांपैकी एकोणतीस बैठका पहिली चाल कोणाची या प्रश्नावर खर्ची पडल्या. उरलेल्या पाचांत प्रत्यक्ष लढाई झाली. (यातली दीड बैठक कपाटाखाली गेलेला फासा ग्राह्य धरावा का, यात गेली.)

अंगठ्याएवढे शिशाचे सैनिक: माझे निळे एकशे चाळीस, मेहुण्यांचे लाल तितकेच. पंच म्हणून दातांचे डॉक्टर. समोरचा बोलू शकत नसताना त्याच्याशी चर्चा करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

नियमांचं पुस्तक दोनशे चौदा पानांचं. प्रत्येक चालीचे चार भाग: आधी हलायचं, मग गोळ्या झाडायच्या, मग हातघाईवर यायचं आणि शेवटी उरलेल्यांनी धीर धरायचा. चढावर लढणाऱ्याचा एक गुण वजा. नदीत उभा असेल तर निम्मे. घाबरलेली तुकडी खरोखरच घाबरली आहे का, हे फासा टाकून ठरवतात. (संसारात ही सोय नाही.) एकोणिसाव्या पानापुढे आमच्यापैकी कोणीही गेलेलं नव्हतं. पुढचं सगळं मी डॉक्टरांच्या भरवशावर खेळत होतो, डॉक्टर मेहुण्यांच्या, आणि मेहुणे माझ्या. तीन सुशिक्षित माणसांमध्ये याहून भक्कम व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

दरम्यान घरातली माणसं स्वयंपाकघरात, ताट हातात धरून, उभ्याने जेवत होती. माझं सैन्य चार इंच पुढे सरकलं होतं.

अशात मुलीने जाहीर केलं, की ती ज्याच्याशी लग्न करणार आहे तो मुलगा आणि त्याचे आईवडील रविवारी दुपारी जेवायला येणार आहेत. आमच्या हिने टेबल मागितलं. मी शांतपणे समजावलं, की जो मधेच डाव उचलतो तो हरतो आणि आठ महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. त्यावर ही नियमांचं पुस्तक तेवढं घेऊन गेली. दोन दिवसांनी ते परत आलं तेव्हा त्यावर फोडणीचे शिंतोडे होते, आणि ते शेवटच्या पानापर्यंत होते.

शनिवारी सकाळी मेहुण्यांना ताप भरला. (आधी त्यांच्या बहिणीचा, म्हणजे हिचा, फोन आला आणि मग ताप, असं मुलगी म्हणते, मी खोलात गेलो नाही.) नियम नऊप्रमाणे बदली खेळाडू चालतो. ही पदराला हात पुसत भावाच्या खुर्चीवर बसली.

"वहिनी, चाल तुमची," डॉक्टर म्हणाले.

"माझं सगळं सैन्य माघार घेतंय. टेबलाबाहेर."

मला भरून आलं. डॉक्टरांनी माझं अभिनंदन करायला हात पुढे केला, तेवढ्यात हिने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"अहो, अठ्ठ्याऐंशीवा नियम वाचा. जरा मोठ्याने."

मी वाचला. शत्रूने पाठ फिरवल्यास त्याला भिडलेल्या सर्व तुकड्यांनी त्याचा पाठलाग करणं सक्तीचं आहे. टेबलाची कड हा अडथळा समजू नये.

आठ महिन्यांत माझ्या झाडून सगळ्या तुकड्या कशाबशा भिडल्या होत्या. लाल सैन्य बुटांच्या खोक्यात शिरून कपाटावर पळालं. मी स्टुलावर चढून एकशे चाळीस सैनिकांनिशी त्याचा पाठलाग केला. कपाटावर भरपूर जागा होती. तिथली धूळ सकाळीच पुसलेली दिसली.

शत्रू पळाला, म्हणजे शास्त्राप्रमाणे विजय माझा. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. तो कागद मी दिवाणखान्यात लावला आहे. रविवारचं जेवण उत्तम झालं. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी तो कागद वाचला, टेबलाकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

राहता राहिला नियम चार. खेळाडूने "चाल संपली" असं तोंडाने म्हणेपर्यंत प्रतिस्पर्ध्याने, सक्तीचा पाठलाग सोडता, आपल्या सैन्याला हात लावू नये. वेळेची मर्यादा नाही. याला आता सहा आठवडे होतील. दर शनिवारी मी विचारतो, झाली का चाल? ही भाजी चिरता चिरता सांगते, "विचार करतेय. घाई केली की माणूस हरतो, तुम्हीच म्हणता ना."

माझी कीव करणाऱ्या वाचकांनी घरात आपण निर्विवादपणे जिंकलेला शेवटचा वाद आठवावा. आठवला, की एवढंच पाहून यावं: टेबलावर सध्या जेवतंय कोण, आणि कपाटावर आहे कोण.