बप्पांचं मिनिमम

परळीतल्या आमच्या कॉलनीत लिंबाजी बप्पांच्या क्रेडिट कार्डावर किती पैसे थकलेत, हे भाजीवालीलासुद्धा माहीत असायचं. यात कुणी चहाडी केली असं नाही. बप्पा स्वतःच दर महिन्याला व्हरांड्यात उभे राहून बँकेच्या मॅडमशी फोनवर बोलायचे, आणि बप्पांचं बोलणं म्हणजे जाहीर सभा. "साठ हजार दोनशे हायती का? बरं. मिनिमम किती म्हणल्या? तीन हजार धा. भरतो की. तुमी निवांत ऱ्हावा." मॅडम निवांत होत असतील, पण भिंतीपलीकडे पेपर वाचत बसलेला मी मात्र हातातला चहा सांडायच्या बेतात असायचो.

त्याला कारण आहे. मी पतसंस्थेत कॅशिअर होतो. उभा जन्म लोकांचं व्याज मोजून घेण्यात गेला. शेजारच्या घरात कुणी भांडलं, रडलं, रेडिओ मोठ्यानं लावला तर मी सहन करतो. शेजारी बसून कुणी व्याजात बुडतोय हे मात्र मला सहन होत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि बायको म्हणते तो वाईट आहे.

बप्पांच्या आवाजाला दोन कारणं होती. एक म्हणजे थर्मलमधली, वीजकेंद्रातली नोकरी. कोळशाच्या बेल्टवर सारी हयात गेली. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्या माणसालाही काही कळत नाही. दुसरं कारण घरात होतं. त्यांची बायको कौसाबाई पुढं पुढं बहिऱ्या झाल्या. त्यामुळे बप्पा नोकरीवर ओरडायचे आणि घरी येऊनही ओरडायचे. "कौसा, वरणात मीठ न्हाई" अशी आरोळी आली की आमची बायको मुकाट्यानं आमचं वरण चाखून बघायची. "कौसा, गोळी घेतली का न्हाई?" म्हटलं की कॉलनीतले निम्मे म्हातारे उठून आपापली गोळी घ्यायचे. कौसाबाई काय उत्तर द्यायच्या ते कुणाला कधी ऐकू आलं नाही, कारण त्या फार हळू बोलायच्या. त्या दोघांचा संसार आम्ही एवढी वर्षं एकाच बाजूनं ऐकला.

मग कौसाबाई गेल्या. थंडीताप झाला, छातीत भरलं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून त्या आल्याच नाहीत. लोकांना वाटलं, आता बप्पांचा आवाज उतरेल. तो काही उतरला नाही. रिकाम्या घरात माणूस एवढ्या मोठ्यानं बोलतो तरी कुणाशी, तर दूध उतू गेल्यावर पातेल्याशी, दिवा लावताना देवाशी आणि महिन्यातून एकदा बँकेशी. लेक नेकनूरला दिलेली, ती सणावाराला यायची. एरवी कोणी नाही.

कार्ड त्यांना बँकेनंच गळ्यात घातलं होतं. पेन्शनचं खातं आहे, चांगले गिऱ्हाईक आहात, घ्या, आयुष्यभर फुकट आहे. त्या कार्डाबरोबर 'मिनिमम' हा शब्द बप्पांच्या तोंडात आला आणि मुक्कामालाच राहिला. आमच्याकडं चहाला बसले की म्हणायचे, "वहिनी, साखर मिनिमम." केस कापायला बसले की न्हाव्याला, "मिनिमम ठेव." एका लग्नात वाढप्यानं बुंदी घातली तर त्याचा हात धरून म्हणाले, "मिनिमम, मिनिमम," आणि तो बिचारा म्हणाला, "मिनिमम संपली काका, जिलबी हाय."

मी त्यांना पहिल्यांदा समजवायला गेलो तेव्हा तयारीनं गेलो. बप्पा मूळचे नेकनूरचे, शेतकऱ्याघरचे. म्हटलं आकडे नकोत, रानातलं सांगू.

"बप्पा, हराळी माहीत आहे ना?"

"माहीत? निम्मं लहानपण तिच्यात गेलं माझं. खांदून खांदून हाताची सालटं निघालती."

"ती वरून कापली तर?"

"वरून कापायची न्हाई, साहेब. दुप्पट जोरात येती. मुळी काढावी लागती."

"तुम्ही दर महिन्याला वरून कापताय."

बप्पा हसले. मग मी आकड्यांवर आलो. साठ हजारांवर शेकडा साडेतीन म्हणजे महिन्याला एकवीसशे व्याज. त्या व्याजावर जीएसटी. म्हणजे तुम्ही तीन हजार भरता त्यातले जवळजवळ अडीच हजार असेच वाहून जातात आणि मुद्दलातून कमी होतात पाचशे. मिनिमम भरलं की दंड लागत नाही एवढंच, व्याज थांबत नाही. हा हप्ता नव्हे. हप्त्याला शेवट असतो.

"व्याजावर बी टॅक्स?" बप्पांनी विचारलं.

"हो."

"सरकार लई हुशार हाय."

"आणि त्या कार्डावर किराणा घेता ना? पूर्वी तुम्हाला बिल येईपर्यंत बिनव्याजी मुदत होती. मागची बाकी ठेवली की ती मुदत गेली. आज साखर घेतली तर आजपासून व्याज."

"म्हंजी साखर बी कडू," ते म्हणाले, आणि पुस्तकातला धडा संपल्यासारखी मान हलवली. "समजलं. चांगलं समजावून सांगितलं तुमी."

मी खुशीत घरी आलो. पुढच्या महिन्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "मॅडम, मिनिमम किती?"

आता माणसाकडं पैसेच नसतील तर ते समजू शकतो. बप्पांकडे होते. दोन लाखांची एफडी होती, दुसऱ्या बँकेत. हे मला कसं कळलं हे सांगायची गरज नाही. एफडीची मुदत वाढवतानाही ते फोनवरच बोलले होते. सात टक्के वर्षाला मिळवायचे आणि साडेतीन टक्के महिन्याला द्यायचे, असा धंदा माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिला नव्हता. आमच्या संस्थेत बुडवे होते, लबाड होते, जामीनदाराला बघून पळणारे होते. खिशात पैसे असून आनंदानं व्याज भरणारा हा पहिलाच. मध्यंतरी बँकेनं त्यांच्या कार्डाची मर्यादा वाढवली तेव्हा बप्पांनी मला पेढा आणून दिला. मी म्हटलं, "बप्पा, तुमच्यासारखा माणूस बँकेला देवानं दिलाय, ते मर्यादा वाढवणारच." त्यांनी ती स्तुतीच समजली असावी. पेढा चांगला होता.

पण पुढं पुढं हसण्यासारखं काही राहिलं नाही. बप्पांची पेन्शन म्हणजे नावाला पेन्शन. त्यातून तीन हजार गेले की उरतं काय. आधी दूध बंद झालं. मग दुपारची भाजी करायचे ती रात्रीही पुरवायला लागले. सदऱ्याची कॉलर सैल झाली, गालाची हाडं वर आली. शेजारधर्म म्हणून आम्ही डबा पाठवला की दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, त्यात मूठभर शेंगदाणे घालून परत, आणि वर ताकीद, "वहिनी, रोज न्हाई पाठवायचं." मला राग येऊ लागला होता. आपल्या डोळ्यांदेखत एक शहाणा माणूस स्वतःला उपाशी मारतोय आणि कारण सांगत नाही, याचा राग.

एका सकाळी बप्पा व्हरांड्यात पडलेली थर्मलची राख झाडत होते. आमच्याकडं ती रोजच झाडावी लागते. झाडता झाडता ते खाली बसले आणि झाडू हातातून सुटला. मी आणि बायकोनं धरून त्यांना आत नेलं. डॉक्टर येऊन बघून गेले, बीपी फार वाढलं होतं. गोळ्या चालू आहेत का, असं त्यांनी विचारलं, तर बप्पा म्हणाले, "चालू हायती की. एक दिवसाआड."

डॉक्टर गेल्यावर मी दार लोटलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, बप्पा, हे काय चाललंय? ढीगभर पैसे नुसते व्याजात घातलेत तुम्ही. एफडी काय वर घेऊन जाणार आहात? कुणासाठी ठेवलीय? लेकीचं घर भरलेलं आहे. उद्या मोडा, कार्ड मिटवा आणि गोळ्या खा. आणि ते पैसे कशाचे आहेत ते तरी सांगा. दवाखान्याचे ना?

"न्हाई," बप्पा म्हणाले. "कानाच्या मशीनचे हायती."

मशीन साधंसुधं नव्हतं. दोन्ही कानांचं, लातूरहून आणलेलं, बहात्तर हजारांचं. ते कौसाबाईंच्या कानात मी पाहिलंही होतं, मोजकेच दिवस. बप्पा सांगत होते आणि मला खुर्ची पुढं ओढावी लागली, कारण ते हळू बोलत होते.

"धा वर्षं मागत हुती ती. भांडून न्हाई, आपलं अधूनमधून. म्हणायची, कीर्तनाला बसते पर नुसती तोंडं हालत्यात. लेक फोन करती तर तुमीच बोलता, मला काय कळत न्हाई. मी म्हणायचो, अडीअडचणीला पैसं लागतेत. मी हाय की ओरडायला. त्याच पैशाची ती एफडी, साहेब. मंग एका दिवशी राखेचा ट्रक मागून आला, हॉर्न ऐकू आला न्हाई तिला. वाचली. तवा मशीन घेतली. आन् तवा बी एफडी मोडू वाटली न्हाई मला, म्हणून कार्डावर घेतली."

मी पाणी दिलं. ते त्यांनी तसंच ठेवलं.

"पहिल्या दिवशी कानात घातली आन् घरी आलो. मी रोजच्यासारखं म्हणलो, कौसा, च्या ठेव. तर ती दचकली. माझ्याकडं बघतच ऱ्हायली. म्हणली, मला वाटायचं तुमी लई गोडीनं बोलता माझ्याशी. तुमी तर खेकसता."

आमची बायको दाराशी उभी होती, ती आत निघून गेली.

"मी म्हणलं, अगं, तुला ऐकू येत नव्हतं म्हणून. पर मला हळू बोलताच येईना. सवयच गेलेली. लई परयत्न केला. मंग ती काय करायची, मी घरात आलो की मशीन काढून डब्यात ठेवायची. म्हणायची, तुमचं मला बिनमशीनचंच ऐकू द्या, ते बरं वाटतं. सहा महिनं बी वापरली न्हाई आन् गेली."

मी पाण्याचा भरलेला पेला उचलून बाजूला ठेवला.

"तुमी सांगितलेलं सगळं समजलं मला," बप्पा म्हणाले. "हराळीचं बी, जीएसटीचं बी. पर तिला बहिरी ठेवून वाचवलेल्या पैशानं तिचीच मशीन फेडू का मी? त्यापरीस पोटाला चिमटा घेऊन भरावं. व्याज लागतंय तर लागू दे. मिनिमम म्हंजी काय, कमीत कमी. कमीत कमी एवढं तरी लागावं का न्हाई मला?"

मला वाईट वाटलं आणि तितकाच संतापही आला. या माणसानं बँकेचं बिल म्हणजे प्रायश्चित्त करून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बप्पा, एक ऐका. मी जन्मभर काउंटरच्या मागं बसलोय. माणूस कशापायी भरतोय हे तिथं कुणी विचारत नाही. तुम्ही गोळी चुकवून जे भरताय ते कौसाबाईंना पोचत नाही. ते बँकेला पोचतं. आणि बँकेला कौसाबाई कोण ते ठाऊकसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं, फारच लागेल असं बोलून गेलो. पण ते खोटं नव्हतं आणि त्यांनाही ते कळलं. मग म्हणाले, "एवढं मातूर आपल्या ध्यानात आलं न्हवतं."

त्याच आठवड्यात आम्ही दोघं जाऊन एफडी मोडली. कार्डाची सगळी बाकी भरली, कार्ड बंद करायला दिलं, कारकुनानं कात्रीनं त्याचे दोन तुकडे केले. बप्पांनी ते शांतपणे बघितलं. परतताना औषधाच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या घेतल्या, रोख. बायकोनं त्या दिवशी शिरा केला. मला वाटलं, चला, एक खातं नीट मिटलं, आणि खरं सांगतो, मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

पुढच्या महिन्यात, बिलाची तारीख यायची त्याच सुमाराला, सकाळी दार वाजलं. बप्पा होते. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. मी आत या म्हटलं, पण ते उंबऱ्यावरच थांबले. खिशातून पाचशेच्या नोटांची एक घडी काढली आणि माझ्यासमोर धरली. तीन हजार असणार, मोजायची गरज नव्हती.

"साहेब," ते म्हणाले, "आता हे कुठं भरायचं?"

नोटा घ्यायला माझा हात सवयीनं पुढं गेला होता, तो मी मागं घेतला.