अध्यक्षांचं वीजशुद्धीकरण

पदार्थविज्ञानाचे मास्तर गेली सहा वर्षं तात्पुरतेच होते. कायम व्हायचं की नाही, ते आज ठरणार होतं. पहिल्या वर्षाच्या वर्गाला ते सौरऊर्जा शिकवणार आणि संस्थेचे अध्यक्ष मागच्या बाकावर बसून ऐकणार. मास्तरांनी खिडकीत पॅनेल ठेवलं, वायरी तीन वॅटच्या छोट्या पंख्याला जोडल्या, आणि नेमकं आभाळ भरून आलं. पंखा ढिम्म हलेना.

आज कायम झाला नाहीत तर उद्यापासून माझ्या भावाच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं, असं मास्तरांना बायकोनं सकाळीच बजावलं होतं. मागचापुढचा विचार न करता त्यांनी शेजारच्या सभागृहातल्या रंगमंचावरचा हजार वॅटचा दिवा उचलून आणला, भिंतीच्या प्लगला लावला आणि पॅनेलवर रोखला. पंखा गरगरू लागला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, हजार वॅट घालून तीन वॅट निघाले. मग पंखा सरळ प्लगलाच लावला तर?"

मास्तरांना भरून आलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी काहीतरी कळलं होतं. पण त्यांच्याआधी अध्यक्षच उठले.

"बाळ, प्लगमधली वीज कोळशाची. ती दिव्यातून पॅनेलमध्ये गेली की शुद्ध होते. हो ना सर?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर गाद्या उभ्या राहिल्या. "एका अर्थी," ते म्हणाले.

बाकीचे नऊशे सत्त्याण्णव वॅट गेले कुठे, असं मुलीनं विचारलं. तो गाळ, अध्यक्ष म्हणाले. शुद्धीकरण म्हटलं की गाळ निघायचाच. मग बोलता बोलता त्यांना एकेक सुचत गेलं. गच्चीवर चाळीस पॅनेल बसवायची, प्रत्येकावर एक दिवा टांगायचा, म्हणजे ढगांची भीती नको. पुढे हे दिवे त्याच पॅनेलांवर चालवायचे, म्हणजे कोळशाचीही गरज नको. मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते आणि मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

खूश झालेल्या अध्यक्षांनी तिथंच कायम नेमणुकीच्या पत्रावर सही करून शिक्का ठोकला. मास्तरांनी शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं, पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि खडू उचलला.

"वहीत लिहून घ्या," ते शांतपणे म्हणाले. "अध्यक्षसाहेब आत्ता जे बोलले, ते सगळं साफ चूक आहे. वीज शुद्ध होत नाही, नुसती वाया जाते."

दारापर्यंत गेलेले अध्यक्ष गर्रकन वळले. "हे मघाशी का नाही बोललात?"

"मघाशी मी तात्पुरता होतो."