फुलाची योग्य जागा

विमा कचेरीतल्या हेडक्लार्कांनी आपण काढलेले फुलांचे फोटो जेवणाच्या सुट्टीत ऑडिटरला दाखवायचं ठरवलं, आणि तिथेच त्यांचं नशीब फिरलं.

ऑडिटर स्वतः फोटोग्राफीतले जाणकार. (असं ते स्वतःच सांगत.) त्यांनी जास्वंद, झेंडू, शेजाऱ्यांचा गुलाब असे सगळे फोटो पाहिले आणि डबा बंद केला.

"हे फोटो नाहीत, ओळखपत्रं आहेत," ते म्हणाले. "प्रत्येक फूल मधोमध, छाती पुढे काढून उभं. खाली फक्त जन्मतारीख लिहायची राहिलीय."

"मग कुठे ठेवायचं?"

"कडेला. मागची अडगळ काढा, खाली वाकून बघा आणि बाकी जागा मोकळी सोडा. फोटोत मोकळी जागा बोलते."

घरात हेडक्लार्कांना बोलायला फारशी मोकळी जागा नव्हतीच, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या काळजाला भिडलं.

आणि घरी त्याच आठवड्यात ऑर्किड फुललं. हे साधंसुधं रोप नव्हतं. बायकोच्या थोरल्या बहिणीने ते कधीकाळी भेट दिलं होतं आणि देताना म्हणाली होती, "तुझ्या हातून जगायचं नाही, पण ठेव." तेव्हापासून बायकोने ते पोटच्या पोरासारखं वाढवलं. ऊन जास्त झालं की आत, कमी झालं की बाहेर. नवऱ्याला ताप आला तेव्हा ती गोळी देऊन ऑफिसला गेली होती. ऑर्किडचं एक पान पिवळं पडलं तेव्हा तिने रजा काढली होती. आणि आता एका लांब दांडीवर एकच पांढरंशुभ्र फूल आलं होतं. रविवारी ताई जेवायला येणार होती.

रविवारी सकाळी बायको बाजारात निघताना म्हणाली, "तेवढा एक फोटो काढून ठेवा. आणि रोपाला हात लावू नका."

हात न लावता रचना कशी सुधारणार? खिडकीत फुलामागे वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. म्हणून त्यांनी कुंडी अलगद उचलून दिवाणखान्यातल्या स्टुलावर, भिंतीसमोर ठेवली. आता दांडीला आधार दिलेली बांबूची काडी डोळ्यांत खुपायला लागली. त्यांनी चिमटा सोडला, काडी उपसली. फूल जरासं लवलं. फारच सुंदर लवलं. हेडक्लार्क फरशीवर पालथे पडले, फूल अगदी कडेला घेतलं आणि बटण दाबलं.

तो फोटो पाहून त्यांना स्वतःविषयी आदर वाटला. आयुष्यात असं क्वचितच झालं होतं.

मग ते उठायला गेले. कंबर उठली नाही. त्यांनी आधारासाठी हात लांबवला, हाताला स्टूल लागलं, आणि पुढचं सगळं फार शांतपणे घडलं. स्टूल कलंडलं, कुंडी घरंगळली, आणि थांबली तेव्हा फूल एकीकडे होतं आणि रोप दुसरीकडे.

हेडक्लार्क मातीत बसून राहिले. भूकंपाबिकंपाची काही सोय होईल का, असंही क्षणभर मनात आलं. मग त्यांनी सेलोटेप आणली. टेप फुलाला सोडून त्यांच्या सगळ्या बोटांना चिकटली. कशीबशी दांडी जुळवली, तर फूल प्लॅस्टर घातलेल्या पेशंटसारखं मान टाकून बघू लागलं आणि पुन्हा गळून त्यांच्या तळहातावर पडलं. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

बायकोने पिशवी खाली ठेवली. माती पाहिली, रोप पाहिलं, तळहातावरचं फूल पाहिलं.

"मी फक्त..." ते म्हणाले.

"फोटो आला का?"

"आला. चांगला आलाय."

ती आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज येईल म्हणून ते कान देऊन बसले. एकही भांडं आपटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात भांडी पहिल्यांदाच गप्प होती. तिने विचारलं असतं, ओरडली असती, तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी माती भरली, फरशी पुसली, दोनदा पुसली. आतून फक्त विळीचा आवाज येत राहिला.

दुपारी ताई आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "कुठंय गं तुझं फूल?"

बायको पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. हेडक्लार्क पुढे झाले.

"ताई, फूल आलं होतं. खरंच आलं होतं. माझ्या हातून मोडलं. तिची काही चूक नाही. पण फोटो आहे, हा बघा." त्यांनी मोबाइल पुढे धरला. निदान हा एक पुरावा तरी बायकोच्या बाजूने उभा राहील, एवढीच त्यांची शेवटची आशा होती.

ताईने पर्स उघडून चष्मा काढला, पुसला, लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मोबाइल आडवा केला, उभा केला.

"भिंत छान निघालीय हो, भाऊजी," ती म्हणाली. "रंग कुठला हा?"

"बदामी," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "फोटो आला का?" नंतर ती पहिल्यांदाच बोलत होती. "दोन हात दिलेत."