इंदूआक्का गप बसली

इंदूआक्काशी बोलायला लागलात, की वाक्याची सुरुवात तेवढी तुमची. शेवट तिचा.

"आक्का, काल मी बारामतीला..." एवढं म्हणावं, तर ती म्हणणार, "गेलतीस, यष्टी चुकली, उपाशी परत आलीस. बस, भाकरी खा." खरं तर मी लुगडं बदलून आणायला गेले होते आणि येताना मिसळ चापून आले होते. पण तोवर पुढ्यात ताट आलेलं असतं. मग कशाला बोला!

आक्का सांगवीत माझ्या पलीकडच्या गल्लीत राहते. बारामती-इंदापूरच्या गावांत फुकट बालवाड्या चालवणारी आमची एक संस्था आहे, तिची ती कितीतरी वर्षं प्रमुख होती. मी तिथं चिंध्यांचे चेंडू आणि बाहुल्या शिवून देते, एवढाच माझा हुद्दा.

ही खोड तुला लागली कुठनं, असं मी एकदा तिला विचारलं. म्हणजे "ही खोड" एवढंच विचारलं, बाकीचं तिनं विचारलं. म्हणाली, "तीन वर्साचं पोरगं अर्धंच बोलतं गं. ‘बाई, मला...’ म्हणून उभं ऱ्हातं. उरलेलं आपण वळखायचं. जरा उशीर केला की सतरंजी धुवावी लागती."

तिच्या खोडीनं संस्थेचं भलंही झालं, नाही असं नाही. एमआयडीसीतल्या एका डेअरीचे साहेब आमच्या कार्यक्रमाला आले होते. "आमचा असा विचार आहे की..." म्हणून त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात आक्का उठली. "की पोरांना रोज दूध द्यावं! वाजवा रे टाळ्या!" साहेबांचा विचार बहुतेक नारळ फोडून लवकर निघायचा असावा. पण टाळ्या पडल्या, हार गळ्यात पडला, आणि पुढच्याच आठवड्यात दुधाचे कॅन आले.

मग आक्काच्या गुडघ्यांनी संप केला आणि तिनं प्रमुखपद सोडायचं ठरवलं. संस्थेच्या मंडळातल्या लोकांच्या मनात तिच्या जागी कुणी रिटायर झालेला अधिकारी आणायचा होता. आक्कानं एकच नाव धरलं, शितल. लोणी देवकरच्या बालवाडीची बाई.

आता ही शितल कशी, तर एक शब्द ठेवते, तो नीट बसला का बघते, मग दुसरा ठेवते. आक्कापुढं तिचं एकही वाक्य आम्ही पुरं ऐकलेलं नव्हतं. हिलाच का निवडलंस म्हटलं, तर आक्का म्हणाली, "रडणारं पोरगं तिच्या मांडीवर आपसुक गप व्हतं. साहेबाच्या मांडीवर व्हईल का?"

किल्ल्या दिल्या, ओटी भरली, आक्कानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात हजर! "सहज आले."

रोज सहज येऊ लागली. शितल फोनवर म्हणायची, "आम्हाला जरा..." की कोपऱ्यातून आवाज, "खडू धाडा म्हणावं, रंगीत!" शितलला हवे होते पाण्याचे माठ. आले खडू. उन्हाळाभर पोरं रंगीत चित्रं काढत तहानलेली.

एक दिवस शितल माझ्या ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत होती. "मावशी, लोक विचारतात मला आन् उत्तर देतात आक्का. त्यांचं चुकतं असं न्हाय. पण मग मी कशाला हाय? मी आपली लोणी देवकरला पोरांत परत जाते."

मी तडक आक्काकडं गेले. "अगं, ती पोरगी सोडून चाललीय, तू तिला बोलू देत नाहीस."

"मी? मी कुठं बोलते?" आक्का म्हणाली, आणि त्यावर भरपूर बोलली.

पुढच्याच आठवड्यात लोणी देवकरला पालकांची सभा होती. तिथल्या पुष्कळ आया कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. बालवाडी लवकर उघडा, असं त्यांचं कधीचं म्हणणं. आणि आक्काचा नियम दगडावरची रेघ: नवाच्या आत नाही, पोराची झोप मोडायची नाही.

शितल उभी राहिली. "पुढच्या सोमवारपासून आपण..." म्हणाली आणि थांबली, तिच्या सवयीनं. सगळी सभा आक्काकडं वळली. मी शेजारीच होते. आक्काचे ओठ हलले. मग तिनं पदराचा बोळा केला आणि दातांत धरला, खोटं सांगत नाही.

"...सकाळी सहालाच उघडू," शितलनं वाक्य पुरं केलं. "गोधड्या ठेवू. झोपलेलं लेकरू तसंच उचलून आणा. झोप हितं पुरी व्हईल."

मागनं एक आजोबा ओरडले, "आक्का, तुमाला पटतंय का ह्ये?"

आक्कानं पदर सोडला. "मला काय इचारताय, आबा? बाई तितं उभ्या हायत. त्यांना इचारा."

शितलनं तिच्याकडं बघितलं, आणि मग आबांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं. सावकाश, एकेक शब्द ठेवत.

परतताना जीपमध्ये आक्का बाहेरच्या उसाकडं बघत राहिली. बारामती मागं गेल्यावर म्हणाली, "गोधडीचं मला सुचलं नसतं बघ. आता मी न्हाय जायची हापिसात."

सांगवीत तिच्या दारात जीप थांबली. घरधनी गेले, लेक पुण्याला. आत दिवाही लागलेला नव्हता. आक्का किल्ली हातात धरून बसूनच राहिली.

"सभेत गप बसणं निभलं गं," ती म्हणाली. "हितं घरात दिवसभर बसायचं, ते लई अवघड जाणार."

मग उतरली, गुडघा धरून उभी राहिली.

"सुमन, थांबतीस का जरा?" असं तिनं विचारलं, आणि मी काय म्हणते त्याची वाट बघत राहिली.